अनंत डहारे बॉल काढून देतो

भिवापूरच्या नत्थूजी डहाऱ्यांचा अनंत सहा फूट पाच इंच उंच आहे, आणि ही उंची त्याची स्वतःची आहे असं आजवर कुणालाच वाटलेलं नाही. ती गावाची होती. झाडात पतंग अडकला, बोलवा अनंताला. लग्नाच्या मंडपात वरची माळ विझली, बोलवा अनंताला. शेजारच्या यमुताईंना तर फळीवरची लोणच्याची बरणी दर चार दिवसांनी उतरवून लागायची, आणि उतरवली की पुन्हा वर ठेवून लागायची. अनंत यायचा, हात वर करायचा, वस्तू काढायचा आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचा. पतंग उडवायचे दुसरे, लोणचं खायचे तिसरेच. "मोठा गुणी पोरगा हाय वं तुया," असं बायका त्याच्या आईला, शोभाताईंना, सांगायच्या, आणि शोभाताई अशा फुलायच्या की विचारू नका. अनंतालाही गुणी म्हटलेलं फार आवडायचं. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या दुर्दशेचं मूळ तिथंच आहे, पण मला विचारतो कोण?

नत्थूजींचा मिरचीचा धंदा. एका लग्नाच्या निमित्तानं नागपूरच्या एका कॉलेजचे क्रीडा संचालक भिवापूरला आले होते आणि जाता जाता वर्षभराची मिरची घ्यायला नत्थूजींच्या दुकानी थांबले. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, संस्थेचे सचिव फार तापट आहेत. क्रीडा संचालकांचं नाव मधुकरराव. भाव चाललेला असताना अनंतानं मागच्या थप्पीच्या अगदी वरचं पोतं शिडीबिडी न लावता सहज खाली घेतलं. मधुकरराव मिरची विसरले.

पुढच्या रविवारी ते रीतसर पाहायला आले. आता मुलगा पाहायला आलेत म्हटल्यावर शोभाताईंनी पोहे केले, चहा केला, बैठकीत चादर बदलली. अनंताला हाक मारली तर तो दारात कपाळ आपटणार नाही अशा बेतानं वाकून आत आला आणि मान खाली घालून उभा राहिला. मधुकररावांनी त्याला हात वर करायला लावले, चालायला लावलं, एकदा उडी मारायला लावली. पंख्याचं पातं थोडक्यात वाचलं. नत्थूजींनी भीत भीत सांगितलं की पोरगा बास्केटबॉल कधी खेळलेला नाही. मधुकरराव म्हणाले, खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही. फी माफ, होस्टेल माफ, वर बूट कॉलेजचे. मिरचीच्या भावावरून गिऱ्हाइकाला सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवणारे नत्थूजी एका कप चहात कबूल झाले. लोक मुलगी देतात तसा त्यांनी मुलगा दिला, आणि शोभाताई डोळे पुसायलाही विसरल्या नाहीत.

आता उंच खेळाडू टीममध्ये असतो कशासाठी, हे जरा ऐका. सगळ्या जगात त्याला रिंगच्या जवळ उभं करतात आणि तिथं त्याच्या हातात बॉल देतात. तो वळतो, हात वर करतो आणि टाकतो. त्याला अडवायला दोन-दोन जण धावले, की बाहेर त्याचा एक गडी मोकळा सापडतो. मग तो त्याला देतो. म्हणजे बॉल आधी आत उंच माणसाकडे जातो आणि मग काय ते ठरतं. हे मधुकररावांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी हे परीक्षेत लिहिलं होतं आणि चांगल्या मार्कांनी पास झाले होते. पण त्यांच्या टीममध्ये विक्की होता.

विक्की हा संस्थेच्या सचिवांचा पुतण्या. सचिवांचा कळमेश्वरला कारखाना, आणि त्या कारखान्याचं नाव टीमच्या जर्सीवर छातीभर छापलेलं. खेळाडूचा नंबर त्याच्याखाली जागा उरली तेवढ्यात. त्यामुळे कॅप्टन कोण, हा प्रश्न कधी निघालाच नाही. उंचीनं बेताचा, बुटांनी लखलखीत, आणि बॉल हातात आला की तो मारणारच. कुठूनही मारायचा. रिंगकडे पाहून कमी आणि पायऱ्यांवर बसलेल्या पोरींकडे पाहून जास्त. खोटं कशाला बोला, कधी कधी पडायचाही, आणि पडला की असा पडायचा की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण निम्म्याहून जास्त वेळा तो बॉल रिंगला ठण्णकन लागून वर उडायचा, आणि तिथं आपला अनंत असायचा.

मधुकररावांनी आपलं सगळं आक्रमण त्याला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. "तू आधी आडवा उभा राह. विक्कीच्या मांगं लागलेला पोट्टा तुयावर आदळते, विक्की मोकळा होते. मंग तू रिंगखाली जाय. विक्की मारते. पडला तं पडला. नाई पडला तं तू काढ आन विक्कीले दे."

"मंग?" अनंतानं विचारलं.

"मंग विक्की मारते."

झालं. यापुढे त्या कॉलेजात बास्केटबॉलचं शास्त्र गेलं नाही. पहिल्या वर्षी एकदा, अजून नवा होता तेव्हा, अनंतानं रिंगला लागून आलेला बॉल काढला आणि समोरच रिंग दिसली म्हणून वर टाकून दिला. पडला की हो! दोन पॉइंट! पायऱ्यांवरून चार टाळ्याही आल्या. मधुकररावांनी लगेच खेळ थांबवून त्याला बाजूला घेतलं आणि प्रेमानं सांगितलं की बॉल पडला हे खरं, पण चुकीचा पडला; अशानं टीमचं वळण बिघडतं. विक्की आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. अनंताला रात्री झोप येईना. आपल्याला कुणी गुणी न म्हणण्याची त्याची ती पहिलीच वेळ. पुन्हा त्यानं तसं केलं नाही.

तेव्हापासून हा सहा फूट पाच इंचांचा माणूस रिंगपासून हातभर अंतरावर उभा राहून लांब उभ्या असलेल्या माणसाला बॉल काढून देत राहिला. विक्की वीस फुटांवर हात पुढे करून ओरडायचा, "अनत्या, दे!" आणि अनत्या द्यायचा. द्यायचाही किती सुरेख! डोळे मिटून दिला तरी विक्कीच्या बरोबर छातीवर. विक्की पुन्हा चुकला तर पुन्हा काढायचा, पुन्हा द्यायचा. विक्कीचे चुकलेले बॉल कुणाच्या लक्षात राहत नसत, कारण ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कधीतरी पडायचेच. आणि आदळणाऱ्या पोट्ट्यांमुळे अनंताच्या बरगड्या मात्र कायम निळ्या. एकदा फारच दुखायला लागलं तेव्हा धंतोलीतल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, गाडीवरून पडलास का? अनंत म्हणाला, नाही, विक्कीला मोकळं करत होतो.

सुट्टीत घरी गेला की भिवापूरची मंडळी हमखास विचारायची, गोल किती मारले? अनंत आधी सांगायचा की याला गोल म्हणत नाहीत, मग सांगायचा की मी मारत नाही, मी काढून देतो. लोक एकमेकांकडे पाहायचे. एवढा मोठा पोरगा नागपुरास जाऊन तेच करतो जे इथं यमुताईंच्या घरी करत होता, हे कुणी तोंडावर म्हणायचं नाही. पण नत्थूजींना ते ऐकू यायचं.

म्हणून अनंताला कलरकोट हवा होता. आमच्याकडे विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली की गडद निळा कोट मिळतो, खिशावर विद्यापीठाचं चिन्ह. तो घातला की बोलावं लागत नाही, कोटच बोलतो. खुद्द मधुकररावांना तरुणपणी मिळालेला कोट ते अजून दर सव्वीस जानेवारीला घालतात. बटणं लागत नाहीत तो भाग वेगळा. अनंताचं आता शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही तर कधीच नाही. आणि घोळ असा की न लिहिलेला रिवाज म्हणून एका कॉलेजातून सहसा एकच पोरगा घेतात, आणि निवडताना त्या कॉलेजच्या सरांना विचारतात. गेल्या वर्षी विक्कीला मिळालाच होता. यंदा त्याला दुसरा पाहिजे होता, पहिला ड्रायक्लीनला दिलेला असताना घालायला.

अनंतानं धीर करून मधुकररावांकडे विषय काढला. मधुकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे ठेवायला गेले आणि तो दंडावर बसला, आणि म्हणाले की फायनल जिंकू दे, तुझ्या नावाचं मी पाहतो. अनंत इतका हरखला की त्यानं त्याच दिवशी घरी फोन करून नत्थूजींना फायनल पाहायला बोलावलं.

फायनल कॉलेजच्याच सिमेंटच्या ग्राउंडवर, डिसेंबरच्या दुपारी. मांडव, खुर्च्या, मधल्या सोफ्यावर सचिव. नत्थूजी टोपी हातात धरून पायऱ्यांच्या टोकाला बसले होते. समोरच्या कॉलेजची टीम साधीच होती, पण त्यांच्यात एक वाईट खोड होती: ते आपल्या उंच पोराला बॉल द्यायचे. तो वळून टाकायचा, पडायचा, आणि पोरगं परत पळत सुटायचं, जसं काही विशेष घडलंच नाही. अनंत त्याच्याकडे असा पाहत होता जसा उपाशी माणूस मिठाईच्या दुकानाकडे पाहतो. इकडे विक्की मारत होता, चुकत होता, अनंत काढत होता, देत होता. असं करत करत आपली मंडळी सात पॉइंटनी मागे होती.

आणि मग विक्कीचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, त्याला कुणाचा काकाही आत घेऊ शकत नाही. सचिवांनी पंचाकडे रोखून पाहिलं, पण पंच दुसऱ्या जिल्ह्यातला होता. विक्की पाय आपटत बेंचवर जाऊन बसला. विक्कीशिवाय काय करायचं, हा विचार मधुकररावांनी कधी केलाच नव्हता. शेवटी त्यांनी पोरांना "खेळा, खेळा" एवढंच सांगितलं.

टीममध्ये मोहित नावाचा एक पोरगा होता. त्याला आजवर बॉल मिळायचा तो विक्कीच्या बुटाची नाडी सुटली तरच. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सरळ रिंगखाली उभ्या अनंताच्या हातात उंच बॉल टाकला. अनंत गडबडला. त्यानं सवयीनं विक्कीची जागा पाहिली. तिथं कुणी नव्हतं. मग नाइलाजानं वळला आणि टाकला. पडला. परत मोहितनं दिला, परत पडला. तिसऱ्यांदा दोघे त्याच्या अंगावर धावून आले, तर त्यानं बाहेर मोकळ्या उभ्या मोहितला दिला आणि मोहितनं टाकला. पायऱ्यांवरची पोरं उठून उभी राहिली. काहून बे, हा पोट्टा आतापर्यंत कुठं होता, असं एकमेकांना विचारायला लागली. कुठं होता म्हणजे? तिथंच तर होता, तुमच्या नाकासमोर, सगळ्यांपेक्षा वीतभर वर! नत्थूजींनी टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. आयुष्यात पहिल्यांदा अनंतानं वर ठेवलेलं काहीतरी त्याचं स्वतःचं होतं.

आता एकच पॉइंट कमी आणि खेळ संपत आलेला. मोहितनं मारला, चुकला. बॉल रिंगला लागून उडाला आणि अनंतानं तो वरच्या वर काढला. त्यांचा उंच पोरगा घसरून पडलेला. आजूबाजूला कुणी नाही. रिंग डोक्यावर. नुसते हात वर करायचे आणि सोडून द्यायचा. फायनल आपली, कोट आपला.

आणि बेंचवरून विक्की ओरडला, "अनत्या, दे!"

तो मुद्दाम ओरडला असं मी म्हणणार नाही. त्याला तेवढी अक्कल नाही. अनंतानं बॉल काढला की हात पुढे करून ओरडायचं, ही त्याची सवय. आणि तो ओरडला की द्यायचा, ही अनंताची सवय. अनंतानं दिला. ग्राउंडच्या बाहेर, बेंचवर, गळ्यात टॉवेल घालून बसलेल्या विक्कीच्या बरोबर छातीवर. एवढा अचूक पास त्या ग्राउंडनं पाहिला नसेल. बरं, विक्कीनं तरी गप्प बसावं की नाही? त्यानं बसल्या बसल्या बॉल मारलाही! चुकला. आणि पंच जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकत असताना अनंतानं तो चुकलेला बॉलही वरच्या वर काढला आणि आता कुणाला देऊ म्हणून इकडे तिकडे पाहू लागला.

मग सगळ्या पायऱ्या ज्या हसायला लागल्या, त्या हसतच राहिल्या. बॉल समोरच्यांना मिळाला, उरलेला वेळ संपला, फायनल गेली. सचिवांनी भाषणात सांगितलं की नुसती उंची असून भागत नाही, डोकंही लागतं. मधुकरराव मान डोलावत होते. विक्की सगळ्यांना सांगत होता की आपण असतो तर जिंकलो असतो. अनंत जर्सीत तोंड घालून बसला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नत्थूजींना सोडायला तो बसस्टँडवर गेला. आधी दोघांनी भिवापूरची बस कुठं लागते ते पाहून घेतलं. मग नत्थूजींनी विचारलं, त्यानं मागितला म्हणून दिलास? अनंत म्हणाला, हो.

"मांगतलं म्हून देशील?" नत्थूजी म्हणाले. "अन् तुले नव्हता पाहिजे का?"

बस लागली, नत्थूजी चढले. अनंत तिथंच उभा. आपल्याला काय पाहिजे हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आपण गुणी आहोत की नुसते घाबरट, हा प्रश्न त्याला त्या गर्दीत पहिल्यांदा पडला. बरा पडला. थोडा आधी पडता तर आणखी बरं झालं असतं.

आठवड्याभरानं विद्यापीठाची निवड चाचणी. सगळ्या कॉलेजांची पोरं आलेली, आणि फायनलची गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली. अनंत आत आला तसा कुणीतरी त्याला बेंच दाखवला आणि सगळे हसले. निवड समितीत तिघे होते. त्यांतल्या सोनिका मॅडम स्वतः राज्याकडून खेळलेल्या. टीम पाडल्या तेव्हा अनंत आणि विक्की एकाच बाजूला आले. खेळ सुरू झाला. विक्कीनं लांबून मारला, चुकला. अनंतानं काढला.

"अनत्या, दे!"

अनंतानं बॉल दोन्ही हातांत धरला, विक्कीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुले काहून देऊ?"

आणि वळून टाकला. पडला. विक्की हात पुढे करून तसाच उभा. त्याला वाटलं आपण नीट ओरडलो नाही, म्हणून पुढच्या वेळी तो जास्त जोरानं ओरडला. पुढच्या वेळीही अनंतानं टाकला. त्या दिवशी तो असा खेळला की ज्याचं नाव ते. बॉल हातात आला की आधी रिंग पाहायचा, मग दुसरं सगळं. दोघे अंगावर आले तर दुसऱ्या कॉलेजच्या अनोळखी पोराला मोकळा पाहून द्यायचा, आणि ते पोर टाकायचं. ज्याला द्यायला पाहिजे त्याला देत होता. फक्त विक्कीला देत नव्हता, कारण विक्की मोकळा कधी नसायचाच. त्याला मोकळं करायला आज कुणी आडवं उभं राहिलं नव्हतं. विक्कीचा एकही बॉल पडला नाही. पडेल कसा? चुकलेला परत आणून देणारं माणूसच संपावर गेलं होतं.

सोनिका मॅडम मध्येच जवळ येऊन म्हणाल्या, की उंच खेळाडूनं असंच खेळायचं असतं, हे तुला शिकवलं कुणी? कुणीच नाही म्हणावं तर मधुकररावांचा अपमान, म्हणून अनंत नुसता हसला. त्याला वाटलं, आता कोट आला.

संध्याकाळी नावं वाचून दाखवली. त्याच्या कॉलेजातून विक्की.

अनंत ग्राउंडच्या कडेला बसून बूट काढत होता तिथं सोनिका मॅडम आल्या. त्या चिडलेल्या होत्या. म्हणाल्या, मी तुझ्यासाठी भांडले. पण रिवाजाप्रमाणे तुझ्या सरांना विचारलं गेलं, पोरगा कसा आहे. सर म्हणाले, हुशार आहे, पण स्वार्थी आहे, बॉल देत नाही. बाकी दोघांनी आज ते डोळ्यांनी पाहिलंच होतं. कॅप्टन मागतोय आणि हा देत नाही, म्हणजे काय? विषय संपला.

बघा आता. जो माणूस शाळेत असल्यापासून काढून काढून देत आला, ज्यानं फायनल आणि कोट एका दमात बेंचवर नेऊन दिला, तो एक दिवस दिला नाही म्हणून स्वार्थी ठरला. अनंताला आधी रडू आलं. मग त्याला हसू आलं. मग पुन्हा रडू आलं, आणि ते त्यानं आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मधुकररावांच्या खोलीत गेला. मधुकरराव टेबलाशी बसून हवा गेलेल्या बॉलांत हवा भरत होते. त्याला पाहून ते ओशाळतील अशी तुमची अपेक्षा असेल, तर तुम्ही कॉलेजात नोकरी केलेली नाही. उलट त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि बापाच्या मायेनं समजावलं. "तुले मी पहिल्या वर्षीच सांगतलं होतं ना गा. काल फक्त विक्कीले बॉल दिला असता, तं मी तुयं नाव सुचवलं असतं. आज कोट तुया अंगावर राहिला असता."

"फायनलमधी दिला होता सर," अनंत म्हणाला.

पंपाचा आवाज थांबला. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तो नव्हता द्याचा."

"मंग कोणता द्याचा नाई, हे तुमी तीन वर्षांत एकदाही सांगतलं नाई."

दारातून चहा आला, तो तसाच टेबलावर राहिला. अनंत उठला. उठला म्हणजे छतापर्यंत उठला; त्या लहानशा खोलीत तो एवढा मोठा आहे हे मधुकररावांच्या बहुतेक पहिल्यांदाच ध्यानात आलं असावं. त्यानं हात पुढे केला.

"बॉल द्या," तो म्हणाला.

मधुकररावांच्या मांडीवर नुकता भरलेला बॉल होता. त्यांनी तो दिला. का दिला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अनंत दारापर्यंत पोचला तेव्हा कुठं त्यांना भान आलं, आणि त्यांनी मागून विचारलं की परत कधी आणून देशील.

"पाहू," अनंत म्हणाला, आणि वाकून बाहेर पडला.